लोणंदच्या वारीतले रॉ फोटो: घाई कुठे, सबुरी कुठे

आषाढी वारीत माऊलींची पालखी वाल्ह्याहून निघून नीरेला येते. नीरा नदीत पादुकांना स्नान घातलं जातं, सोहळा सातारा जिल्ह्यात पाऊल टाकतो आणि संध्याकाळी लोणंदच्या तळावर विसावतो. रात्री समाजआरती होते. मुक्काम आटोपून पालखी तरडगावची वाट धरते तेव्हा वाटेत चांदोबाचा लिंब इथे वारीतलं पहिलं उभं रिंगण लागतं. एवढ्या थोड्या अंतरात फोटो काढणाऱ्याची तीन वेगवेगळ्या उजेडांशी गाठ पडते. नदीवर आभाळ आणि पाणी दोन्ही चकाकत असतं, तळावर रात्री दिव्यांचा पिवळा उजेड असतो आणि रिंगणात ढगाळ दुपारी घोडा दौडत असतो.

या तिन्ही ठिकाणचे फोटो सगळ्यांना त्याच दिवशी हवे असतात. वर्तमानपत्राला आवृत्ती सुटायच्या आत हवे असतात. २०११ मध्ये फेसबुक दिंडी सुरू झाली, तेव्हापासून घरी बसून वारी बघणाऱ्यांनाही आजचा फोटो आजच बघायची सवय लागली आहे. दिंडीतला वारकरीसुद्धा कॅमेरा दिसला की विचारतो, “माऊली, फोटो कधी मिळणार?” त्यामुळे लोणंद-फलटण पट्ट्यातल्या स्टुडिओवाल्यांत आणि हौशी मंडळींत दरवर्षी तोच वाद होतो. रॉ मध्ये काढावं की जेपेगमध्ये? जेपेग कार्डावरून उतरवलं की पाठवता येतं. रॉ वर आधी काम करावं लागतं, आणि त्या कामात रात्र जाते.

दर्जा हवा तर वेळ द्या, वेळ नसेल तर दर्जा सोडा, असं या वादात गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. रॉ फाईलवर होणाऱ्या कामांपैकी फोटोचा चेहरामोहरा बदलणारी कामं जवळजवळ फुकट होतात. वेळ खाणारी कामं बहुतेक वेळा डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. कोणतं काम कुठल्या रांगेतलं हे कळलं की वादातला बराचसा जोर ओसरतो. त्यासाठी रॉ फाईलच्या आत काय असतं ते आधी बघू.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत. कुठे किती उजेड पडला एवढंच तो मोजतो. रंग मिळावा म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकाच रंगाचा बारीक फिल्टर बसवलेला असतो. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची; तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. चार पिक्सेलच्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. हिरवे दुप्पट ठेवले, कारण माणसाचा डोळा बारकावे मुख्यतः हिरव्या उजेडातून टिपतो. आता २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा हिशेब करू. त्यात १ कोटी २० लाख हिरव्या नोंदी, ६० लाख लाल आणि ६० लाख निळ्या. पडद्यावरच्या फोटोला मात्र प्रत्येक ठिपक्यावर तिन्ही रंग लागतात, म्हणजे ७ कोटी २० लाख आकडे. मोजलेले आहेत २ कोटी ४० लाख. उरलेले ४ कोटी ८० लाख शेजारच्या पिक्सेलवरून हिशेबाने काढावे लागतात. आपण जो रंगीत फोटो बघतो त्याचा दोन तृतीयांश भाग असा अंदाजाने भरलेला असतो. या भरणीला डिमोझेकिंग म्हणतात, आणि दर्जा-वेगाची पहिली ओढाताण इथेच होते.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे शेजाऱ्यांची सरासरी घेणं. ती झटपट होते, आणि आभाळ, रस्ता, सदऱ्याचं सपाट कापड यांवर तिच्यात काही खोट दिसत नाही. खोट दिसते ती कडांवर. वीणेच्या तारा, नऊवारीच्या काठाची बारीक वीण, घोड्याची आयाळ अशा जागी सरासरीने दातेरी कडा येतात आणि मुळात नसलेले हिरवे-जांभळे ठिपके उमटतात. २००५ मध्ये हिराकावा आणि पार्क्स यांनी मांडलेली एएचडी ही पद्धत हीच अडचण सोडवते. ती प्रत्येक जागी हिशेब दोनदा करते, एकदा आडवा आणि एकदा उभा. ज्या दिशेने रंग जास्त एकसारखे येतात ती दिशा ती निवडते. तार उभी असेल तर उभ्या शेजाऱ्यांवर विश्वास ठेवायचा, आडव्यांवर नाही. तार स्वच्छ येते, पण काम दुपटीहून जास्त होतं. रॉथेरपी आणि डार्कटेबल या मोफत प्रणालींमध्ये मिळणारी एमिल मार्टिनेक यांची अमेझ पद्धत याहून बारीक आणि याहून हळू आहे.

आता रॉ का वापरायचं त्याचं खरं कारण. १४ बिटांच्या रॉ मध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये एका रंगाला २५६. पण रॉ मधल्या पायऱ्या सगळीकडे सारख्या वाटलेल्या नसतात. सगळ्यात उजळ स्टॉप निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या घेऊन जातो. त्याखालचा ४,०९६, त्याखालचा २,०४८. असं करत वरून पाचव्या स्टॉपच्या वाट्याला ५१२ येतात. वारीतला नेहमीचा फोटो डोळ्यासमोर आणा. पांढराशुभ्र सदरा, पांढरी टोपी, टोपीच्या सावलीत उन्हापावसाने रापलेला चेहरा, कपाळावर बुक्का. सदरा उजेडाच्या वरच्या टोकाला असतो आणि चेहरा तीन-चार स्टॉप खाली. जेपेगमध्ये तो चेहरा उजळायला गेलं की त्वचेवर ठिगळं दिसायला लागतात, कारण तिथे पायऱ्याच मोजक्या उरलेल्या असतात. रॉ मध्ये तोच चेहरा वर आणला तर सुरकुत्या सुरकुत्यांसारख्या राहतात. सदरा मात्र सेन्सरच्या मर्यादेपलीकडे गेला असेल तर रॉ सुद्धा त्याची घडी परत देत नाही. म्हणून नीरेच्या काठावर पांढरं कापड जपून एक्स्पोजर ठेवायचं आणि चेहरे मागाहून उजळायचे.

आणि हे उजळणं किती महाग पडतं? एक्स्पोजर वाढवणं म्हणजे प्रत्येक आकड्याला एका आकड्याने गुणणं. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांना आपापल्या आकड्याने गुणणं. तळावरच्या ताडपत्रीखाली सगळं पिवळं किंवा निळं आलेलं असतं ते या एका पायरीत ताळ्यावर येतं. दोन-अडीच कोटी गुणाकार आजच्या लॅपटॉपला डोळ्याची पापणी लवायच्या आत जमतात. सावल्या वर आणणं आणि कॉन्ट्रास्टचा वक्र बसवणं याला फार तर थोडा जास्त वेळ लागतो. एकाच उजेडात काढलेल्या सगळ्या फोटोंना एकदा ठरवलेले आकडे लावता येतात. रिंगणाचे सगळे फ्रेम अर्ध्या-पाऊण तासात, एकाच ढगाखाली काढलेले असतात. त्यातला एक नीट बसवला की बाकीच्यांना तेच करेक्शन चिकटवायचं.

वेळ जातो तो नॉईज काढण्यात. नॉन-लोकल मीन्स ही त्याची एक चांगली पद्धत, तीही २००५ चीच. ती प्रत्येक पिक्सेलभोवतीचा छोटा तुकडा घेते आणि आसपासच्या तुकड्यांशी ताडून बघते. जे तुकडे मिळतेजुळते निघतात त्यांची सरासरी घेते. शोध १५ बाय १५ पिक्सेलच्या चौकोनात घ्यायचा म्हटलं तरी एका पिक्सेलमागे २२५ तुलना होतात. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोला त्या ५४० कोटी होतात, आणि एकेक तुलना पुन्हा अनेक आकड्यांची. एक्स्पोजरच्या एका गुणाकाराशेजारी हे ठेवून बघा. त्यात मेमरीचाही भार पडतो. कार्डावर न दाबता ठेवली तर ही फाईल ४२ एमबीची असते. काम चालू असताना तिन्ही रंगांचे आकडे अचूक ठेवायला साधारण २८८ एमबी लागतात, आणि प्रत्येक पायरी हा सगळा ढीग वाचते आणि पुन्हा लिहिते. ग्राफिक्स कार्ड असलं की हीच कामं एका वेळी हजारो पिक्सेलवर चालतात. म्हणून ज्याला नवीन मशीन घ्यायचं आहे त्याने आधी ग्राफिक्स कार्ड आणि रॅम बघावी, प्रोसेसरचा मोठा आकडा नंतर.

एवढा खटाटोप करून काढलेला नॉईज मुळात दिसत होता का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. फोटो लहान केला की अनेक पिक्सेलचा मिळून एक होतो आणि नॉईज आपोआप विरतो. ६,००० पिक्सेल रुंदीचा फोटो मोबाईलसाठी १,६०० वर आणला तर सुमारे १४ पिक्सेलचा एक ठिपका होतो. सरासरीच्या नियमाने नॉईज १४ च्या वर्गमुळाने, म्हणजे पावणेचार पटीने कमी होतो. नॉन-लोकल मीन्सने पाऊण मिनिट खाऊन जे केलं असतं त्यातलं बरंचसं काम नुसत्या आकाराने झालं. दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणाऱ्या फोटोवर डिनॉईज लावत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हे मी स्पष्टच सांगतो.

डिमोझेकिंगलाही अशीच एक सुंदर पळवाट आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. डेव्ह कॉफिन या प्रोग्रॅमरने १९९७ मध्ये डीसीरॉ नावाची छोटी प्रणाली लिहायला घेतली. कॅमेरा कंपन्या आपापल्या रॉ फाईलींची रचना उघड करत नसत. कॉफिन यांनी एकेक फाईल उलगडून ती सगळ्यांना मोफत वाचता येईल असं केलं. त्या डीसीरॉमध्ये निम्म्या आकाराची सोय आहे. चार पिक्सेलच्या बायर चौकोनाचा ती एकच ठिपका करते. लाल मोजलेला, निळा मोजलेला, दोन हिरव्यांची सरासरी. एकही रंग शेजाऱ्याकडून उसना घ्यावा लागत नाही. ६,००० बाय ४,००० चा फोटो ३,००० बाय २,००० होतो. पुढच्या प्रत्येक पायरीला पिक्सेल चौथा हिस्साच उरतात, त्यामुळे तीही तितकीच हलकी होते. आता वर्तमानपत्राचा कागद बघा. बातमीच्या कागदावर फोटो साधारण ८५ ते १०० रेषांच्या जाळीने छापतात, आणि त्याला इंचाला २०० पिक्सेल भरपूर होतात. ३,००० पिक्सेल म्हणजे १५ इंच. अख्ख्या पानाच्या रुंदीचा फोटो त्यात बसतो आणि वर जागा उरते. रिंगणाच्या बातमीला पूर्ण आकाराचं डिमोझेकिंग करून मग फोटो लहान करणं म्हणजे आधी अंदाज बांधायचे आणि मग तेच पुसून टाकायचे.

याच विचाराच्या सोयी इतर प्रणालींतही आहेत. डार्कटेबलमध्ये एक्सपोर्ट करताना उच्च दर्जाचा आकारबदल बंद ठेवला तर फोटो आधी लहान होतो आणि बाकीचं काम त्या लहान फोटोवर चालतं. लाइटरूमने २०१३ मध्ये स्मार्ट प्रिव्ह्यू आणले, लांब बाजूला २,५४० पिक्सेलचे. मूळ डिस्क जोडलेली नसली तरी त्यावर करेक्शन करता येतं, आणि जुन्या लॅपटॉपवर हात अडखळत नाही.

निवडीचा वेळ याहून जास्त वाचवता येतो. बहुतेक रॉ फाईलींच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपेग असतो, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो तोच. फोटो मेकॅनिकसारख्या प्रणाली तो थेट बाहेर काढून दाखवतात, त्यामुळे फोटो पुढे सरकवताना वाट बघावी लागत नाही. रॉ उघडून निवड करायला बसलं तर प्रत्येक फोटोला डिमोझेकिंगसाठी थांबावं लागतं, आणि त्यातले दहातले नऊ फोटो टाकूनच द्यायचे असतात. लोणंदच्या कांदा बाजारात आधी प्रतवारी होते, मग भाव. कांदा सोलून बघत कोणी प्रतवारी करत नाही. घोड्याचे चारही पाय हवेत आहेत का, टाळकऱ्याचा डोळा उघडा आहे का, पुढच्या माणसाचा हात आडवा आलाय का, हे पोटातल्या जेपेगवर पुरतं कळतं.

चांदोबाच्या लिंबाला खरी घाई कॅमेऱ्यातच असते. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात, मधून आधी स्वाराचा अश्व आणि माऊलींचा अश्व दौडतात, आणि गर्दी टापांखालची माती कपाळाला लावायला धावते. भरधाव घोडा सेकंदाला दहा-अकरा मीटर जातो. एक हजारांश सेकंदाच्या शटरमध्येही तो सेंटिमीटरभर सरकतो. २००७ च्या निकॉन डी३०० मध्ये १२ बिटांवर सेकंदाला ६ फ्रेम मिळत. १४ बिट केले की अडीचवर यायचे. म्हणजे दोन फ्रेममध्ये घोडा दोन मीटरऐवजी साडेचार मीटर पुढे. एवढ्यात टापा जमिनीवरून उचलल्या जाऊन पुन्हा टेकलेल्याही असतात. आताच्या कॅमेऱ्यांत एवढा फरक पडत नाही, पण बफर भरला की ते थांबतातच, आणि बफर भरायला मोठ्या रॉ फाईली पुरेशा असतात. दुपारच्या ढगाळ, सपाट उजेडात १४ बिटांच्या खालच्या पायऱ्यांवाचून फारसं काही अडत नाही. म्हणून रिंगणाला १२ बिट किंवा दाबलेलं रॉ ठेवावं असं माझं ठाम मत आहे. तिथे दर्जा म्हणजे तो क्षण फ्रेममध्ये सापडणं.

समाजआरतीला उलट. तळावर पालखी मध्ये, भोवती दिंड्या गोलाकार उभ्या. चोपदार चोप उंचावतात आणि सगळा समाज एका क्षणात शांत होतो. कोणी हलत नाही, म्हणून शटर थोडं हळू चालतं, पण उजेड एवढा कमी की आयएसओ ६,४०० च्या घरात जातो. या फोटोत काळोख खूप आणि त्यात शेकडो चेहरे असतात. मोबाईलवर तो बरा दिसतो. १२ बाय १८ इंचांच्या अल्बमच्या पानावर गेला की मात्र त्याला ५,४०० पिक्सेल रुंदी लागते, आणि मग प्रत्येक ठिपक्यातला नॉईज उघडा पडतो. इथे सबुरी करावी. चांगलं डिमोझेकिंग, पुरेसं डिनॉईज, मोजकं शार्पनिंग, रात्रभर लागलं तरी चालेल. लाइट जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टरवर लावावं.

एप्रिल २०२३ मध्ये ॲडोबीने आणलेलं एआय डिनॉईज किंवा त्या जातीच्या इतर प्रणाली अशा फोटोत थक्क करणारं काम करतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर मात्र त्या एकेका फोटोला कित्येक मिनिटं घेतात. त्यातही एक गोष्ट तपासून घ्यावी. असं शिकवलेलं यंत्र नॉईजखाली काय असावं याचा अंदाज बांधतं. जवळच्या चेहऱ्यावर तो अंदाज बरोबर येतो, कारण तिथे माहिती भरपूर असते. मागच्या रांगेतल्या, पंधरा-वीस पिक्सेल उंचीच्या चेहऱ्यांवर मात्र ते मेणासारखी त्वचा चढवतं किंवा नसलेले नाक-डोळे रेखतं. वारीचा फोटो हा माणसांचा पुरावा आहे. मागच्या रांगेतल्या म्हातारीला तिच्या नातवाने ओळखलं पाहिजे. जोर निम्म्यावर ठेवून थोडा नॉईज राहू दिलेला मला चालतो, अनोळखी झालेला चेहरा चालत नाही.

पाठवण्याच्या पायरीवर फारसं सांगण्यासारखं नाही. लाखोंची गर्दी जमली की मोबाईलचं नेटवर्क दमतं, तेव्हा फाईल हलकी असावी. जेपेगचा दर्जा ९० वरून १०० केला की फाईल कितीतरी फुगते आणि छापील कागदावर फरक दिसत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते तो पुन्हा लहान करतं आणि दाबतं. वर्तमानपत्राला पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे आपण ठरवलेला दर्जा पलीकडे तसाच पोचतो.

निम्म्या आकाराने, डिनॉईज न लावता, धावतपळत पाठवलेल्या फोटोमुळे मूळ रॉ चं काहीच बिघडत नाही. करेक्शन शेजारच्या छोट्या फाईलमध्ये लिहिलं जातं. सेन्सरने मोजलेले आकडे जसेच्या तसे राहतात. घाईत केलेला फोटो सवडीने पुन्हा करता येतो, आणि दहा वर्षांनी आणखी चांगला करता येतो. डीसीरॉच्या पायावर २००८ मध्ये लिबरॉ उभं राहिलं, आणि त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाईली आजही उघडतात. त्या वेळी काळोखात हरवलेली समाजआरती आजच्या डिनॉईजने वर आणता येते. हे शक्य होतं ते रॉ जपून ठेवलं असेल तरच. लग्नाचा करिझ्मा अल्बम गेला की डेटा उडवायची स्टुडिओंची रीत समजू शकते, डिस्कला पैसे पडतात. पण वारीतले निवडक तीनशे फोटो, दाबलेलं रॉ प्रत्येकी साधारण ३० एमबी, मिळून ९ जीबी होतात. १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ते बसतात आणि दुसरी प्रत घरच्या डिस्कवर राहते.

त्यांच्याबरोबर मजकूरही भरून ठेवावा. साल, ठिकाण, रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांपैकी कितवी दिंडी की रथामागची, वीणेकरी कुठल्या गावचे, अश्वावर स्वार कोण. हे लाइटरूममध्ये किंवा डार्कटेबलमध्ये एकदा टाइप केलं की सगळ्या निवडलेल्या फोटोंना एका झटक्यात लागतं. हे काम त्याच संध्याकाळी लोणंदला किंवा तरडगावला, विचारायला माणसं समोर असताना करावं.